भाऊंचा पाऊस नव्या डब्यात

भाऊ,

आज सोमवार, चौदा जुलै. सकाळचे आठ वाजून छत्तीस मिनिटं झाली आहेत. सहा मिनिटांपूर्वी अंगणातल्या पर्जन्यमापकातलं पाणी मी काचेच्या नळीत ओतलं, नळी डोळ्यांसमोर धरली, आकडा वाचला आणि आत येऊन नव्या मशीनमध्ये भरला. पान पुन्हा उघडून पाहिलं, आकडा तिथंच होता. मग मशीन बंद करून चालू केलं आणि परत पाहिलं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "आरं, कडी लावल्याव किती येळा वढून बघतूस?" तीनदा बघितलं. मगच लिहायला बसलो आहे.

तुम्हाला आठवत असेल, मळवलीचा हा बंगला तुम्ही सांभाळायला घेतला तेव्हा मालकांनी बागेत ते पत्र्याचं नळकांडं बसवलं होतं. रोज सकाळी साडेआठला पाणी मोजायचं आणि वहीत लिहायचं, एवढंच काम. त्याचा पगार वेगळा नव्हता. मालक दोन-तीन वर्षांत विसरूनही गेले, तुम्ही विसरला नाहीत. लग्न असो, लावणी असो, अंगात ताप असो, साडेआठला तुम्ही नळकांड्यापाशी. मी चौथीत असताना तुम्ही दोन दिवस सोमाटण्याला गेला होता आणि काम माझ्यावर, तुमच्या पोरावर, सोपवलं होतं. दुसऱ्या दिवशी पाऊस जोराचा होता. मी खिडकीतूनच नळकांड्याकडे पाहिलं आणि कालच्याएवढाच असेल म्हणून कालचाच आकडा लिहिला. तुम्ही आल्यावर वही पाहिलीत. ओरडला नाहीत. "अंदाजानंच लिवायचं आसंल तर ही नळी कशाला ठिवली?" एवढंच विचारलंत. मग मला बाहेर नेऊन नळीत पाणी ओतलंत आणि माझं डोकं धरून खाली वाकवलंत. "हितं. पाण्याच्या रेषेला डोळा लाव. वरनं बघितलं की पानी खोटं बोलतंय." आणि उन्हाळ्यात, महिनोन्‌महिने थेंब पडत नसताना, तुम्ही रोज शून्य लिहायचात. मी विचारलं होतं, कशाला? "शून्य बी लिवायचं. मोकळं ठिवलं तर वाचणाऱ्याला वाटंल, ह्यो बसला आसंल घरात."

बंगला विकला गेला तेव्हा मालकांनी जाताना तुम्हाला काय हवं ते विचारलं. तुम्ही दोन वस्तू मागितल्यात. नळकांडं आणि त्यांच्या ऑफिसात धूळ खात पडलेला कॉम्प्युटर. नळकांडं बंगल्याच्या भिंतीच्या या बाजूला, आपल्या अंगणात आलं. कॉम्प्युटर तुम्ही गोणपाटात बांधून खांद्यावर आणलात आणि माझ्यापुढे ठेवलात. बारावीला दोनदा बसून मी घरी होतो, आणि त्यावरून तुम्ही मला एकदाही बोलला नव्हतात. "ह्या डब्यात माझा पाऊस बसंल का?" असं विचारलंत. मला त्यातलं काही येत नव्हतं. मी म्हटलं, बसेल.

बसवायला एक वर्ष लागलं. दिवसरात्र चालू राहणारं मशीन, म्हणजे सर्व्हर, कसं करतात ते फोनवर बघत शिकलो. तुमच्या वह्या एकेक आकडा करून भरल्या, प्रत्येक पानाचा फोटो काढून तोही आत ठेवला. गावातलं कुणीही आपल्या फोनवर ते पान उघडू शकतं. लावणीच्या दिवसांत शेजारचे आबा अजूनही कुंपणापलीकडून विचारतात, "गेल्या साली आजच्याला किती व्हता रं?" मी सांगतो, तुमच्या फोनवर आहे. ते म्हणतात, "फोनवर हाय, पन तू सांग."

तुंगार्लीच्या बंगल्यांचे कॅमेरे आणि वायफाय आता मी सांभाळतो, ते या डब्यावर शिकलो म्हणूनच. पण आपल्या घरचा डबा म्हातारा होत गेला. त्यात दोन डिस्क होत्या, एक गेली तर दुसरीत सगळं शाबूत राहावं म्हणून. मागच्या दिवाळीत एक गेली. लोकांच्या बंगल्यात मी त्याच दिवशी नवी बसवली असती. आपल्या घरी, पुढच्या महिन्यात बघू, असं म्हणत आठ महिने काढले. पहिल्या सात वह्यांना तोवर बुरशी लागून पानांची लापशी झाली होती. म्हणजे त्या सात वह्यांतला तुमचा पाऊस जगात एकाच ठिकाणी उरला होता, आणि ते मला माहीत होतं.

परवा, शनिवारी, तुंगार्लीहून घरी आलो तर डबा दिसेना. कोपऱ्यात प्लॅस्टिकचं निळं गाठोडं होतं, सुतळीने आवळलेलं, अगदी तुम्ही पावसाळ्याआधी बंगल्याचे सोफे बांधायचात तसं. आतून टकटक आवाज येत होता. हात लावला तर चटका बसला. डबा चालूच होता.

आई म्हणाली, "पत्र्यातनं ठिबकत व्हतं. भिजू देऊ व्हय? तुझ्या बापानं आसंच बांधलं आसतं."

"आई, त्याला वारा लागतो."

"मंग सांगायचं व्हतं. मला काय यंत्रातलं कळतंय व्हय?"

तिचं खरं होतं. मी डबा बंद केला आणि त्या रात्री जेवलो नाही. रविवारी सकाळी साडेआठचा आकडा कागदावर टिपला आणि लोकलने घोरावाडीला गेलो. तिथं स्टेशनजवळ एकजण कंपन्यांतली वापरलेली मशीनं विकतो. त्याच्याकडून एक लहान मशीन घेतलं, तळेगावातून दोन नव्या डिस्क घेतल्या, दुपारपर्यंत सगळं जोडलं. मग जुनी डिस्क बाहेर काढून नव्याला लावली. पाच मिनिटं नोंदी उतरत राहिल्या, मग टकटक सुरू झाली आणि सगळं थांबलं. गार होऊ दिली, पुन्हा लावली, पुन्हा तेच. तापली की अडकायची. टेबलफॅन आणायला उठलो तर वीज गेली. मशीन जुन्या डब्याच्या छोट्या बॅटरीवर चालू होतं, पंखा कशावर लावणार?

आई सूप घेऊन आली. पाटावर बसली आणि भात पाखडताना घालतात तसा त्या डिस्कवर वारा घालायला लागली. दीड तास. मधे एकदा हात बदलला. मी म्हटलं, मी घालतो. "तू तुझ्या काचंत बघ," ती म्हणाली. तिचा वारा, टकटक नाही, पडद्यावर आकडा वर सरकतोय. चार वाजून दहा मिनिटांनी शेवटची वही उतरली. आई सूप खाली ठेवून म्हणाली, "झाला का त्याचा पाऊस?"

कागदावरचा रविवारचा आकडा भरून मी दिवस मोजले. तुमच्या पहिल्या नोंदीपासून कालपर्यंत सहा हजार नऊशे त्र्याऐंशी व्हायला हवेत. मशीन दोन हजार आणि काही सांगत होतं. मग लक्षात आलं, नव्या मशीनने तुमची सगळी शून्यं कोरी समजून टाकून दिली होती. एकोणीस उन्हाळे गायब. त्याला तुमचीच गोष्ट शिकवली, शून्य बी लिवायचं, आणि उतरलेल्या नोंदी पुन्हा भरल्या. सहा हजार नऊशे त्र्याऐंशी. भाऊ, मी एवढा मोठ्याने हसलो की आबा कुंपणाशी आले.

आता तुमचा पाऊस तीन ठिकाणी आहे. दोन्ही डिस्कवर, आणि एक प्रत ताईच्या घरी, तळेगावला. मशीन भिंतीला उंचावर लावलं आहे. आईने त्याला हळदकुंकू लावलं, भोकं सोडून.

हे पत्र त्यात ठेवणार नाही. तुमच्या शेवटच्या वहीची मागची पानं कोरी आहेत, तिथं लिहितो आहे. कारण एक सांगायचं आहे. तुम्ही गेलात त्या सकाळी नळकांड्याकडे कुणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तेव्हा त्यात दोन दिवसांचं पाणी होतं. तुमच्या नावावर एकही दिवस मोकळा दिसू नये म्हणून मी त्याचे दोन सारखे भाग केले आणि दोन्ही दिवसांपुढे लिहिले. अंदाजाने. आज आजचा आकडा भरण्याआधी ते दुरुस्त केलं. तुमचा दिवस मोकळा ठेवला, आणि दुसऱ्या दिवसापुढे सगळं पाणी लिहून शेरा दिला, दोन दिवसांचं मिळून. वाचणाऱ्याला काय वाटायचं ते वाटो, मी त्या दिवशी घरातच बसलो होतो.

मशीन साडेसात हजार, दोन डिस्क छत्तीसशे, ताईकडचा पेनड्राइव्ह चारशे, पत्र्याला लावलेली डांबरपट्टी साडेतीनशे. एकूण अकरा हजार आठशे पन्नास. दिले नऊ हजार तीनशे पन्नास. घोरावाडीवाल्याचे अडीच हजार देणं आहे, पगाराला देईन. दिवस सहा हजार नऊशे चौऱ्याऐंशी, आकडे एक कमी.