खलाशी काय पीत होते

सर, तुम्ही चुकला होतात. तुम्हाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली, तरी आधी हेच लिहिते. परवा अकोल्याच्या वाचनालयात जुन्या जहाजांवरचं एक पुस्तक हाती लागलं आणि मी ते उभ्या उभ्याच वाचलं. लाकडी पिंपांतलं पाणी काही आठवड्यांत हिरवं पडायचं, बुळबुळीत व्हायचं, वास मारायचा. म्हणून खलाशांना बिअर मिळायची, आणि लांबच्या सफरीत तीही आंबली की पाण्यात रम घालून द्यायचे. पुढेपुढे त्यात लिंबूही पिळायला लागले. वाचता वाचता माझे कान तापले.

सातवीचा वर्ग, मार्चचं ऊन, तुम्ही भूगोल शिकवताय. समुद्राचं पाणी खारट, मग खलाशी काय पीत असतील, असं तुम्ही विचारता. सगळी पोरं ओरडतात, जहाजात भरून नेलेलं पाणी. आमच्या लिंबाच्या बागेत फवारणीच्या ड्रममध्ये पाणी राहिलं की आठ दिवसांत शेवाळ धरायचं, ते मी रोज बघत होते. मी हात वर करून म्हणाले, "सर, पाणी तं सडून जाईन. ते दारू पेत असतीन." वर्ग खदाखदा हसला. तुम्ही मात्र माझा कान पिळलात. "कोणं शिकवलं तुले हे?" अहो, डोकं चालवून बोलले होते मी! पाणी काहून सडते, एवढं एक विचारलं असतंत तर तुमचं काय जात होतं?

त्याऐवजी तुम्ही बाबांना बोलावणं धाडलंत. बाबा म्हणजे दरवर्षी मोझरीच्या आश्रमात जाणारा, सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारा माणूस. गावात संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना सुरू करून द्यायचा मान त्यांचा होता, आणि तुम्हीही तिथे बसायचात. बाबा बागेतून तसेच मातीच्या पायांनी आले, ऑफिसात हात जोडून उभे राहिले. सगळ्या मास्तरांसमोर तुम्ही म्हणालात, "गावाले प्रार्थना सांगता, अन् पोरीले दारू शिकवता?" बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो सर, म्याच सांगतलं तिले. चुकलं माह्यं."

त्या दिवसापासून ते प्रार्थनेत शेवटच्या ओळीत बसू लागले. कोणी पुढे बोलावलं तर म्हणायचे, "मी अठीच बरा." आणि तुम्ही पहिल्या ओळीत, डोळे मिटून! मला आजही संताप येतो. एक पुस्तक उघडायची तसदी घेतली नाहीत आणि एका सरळ माणसाची मान खाली घालायला लावलीत. तुमच्या निरोपाच्या समारंभाला हार झाले, भाषणं झाली, तुमच्या शिस्तीचं कौतुक झालं. मी मागे उभी राहून दात-ओठ खात होते.

हे पत्र पाठवायची सोय नाही, आणि असती तरी मी पाठवलं नसतं. तुम्ही कान पिळलात तेव्हा "बाबांनी सांगतलं" असं मीच म्हणाले होते, सर. कान सुटावा म्हणून. बाबांनी मला असलं काही कधीच सांगितलं नव्हतं. घरी येताना ते एवढंच बोलले, "पाणी तं सडतेच. तुहं बराबर होतं." मी त्यावर गप्प राहिले. पुढे ते गेले, तोवर गप्पच राहिले.