अध्यक्षांचे मागचे फाटक

मी, रामजी बुधाजी गमरे, वय वर्षे एकाहत्तर, धर्म बौद्ध, पूर्वी आगबोटीवर कोळसेवाला व नंतर गिरणीत बॉयलरवर, राहणार डिलाईल रोड, मुंबई, पूर्ण शुद्धीत व कुणाच्या धाकाशिवाय हे लिहवून घेत आहे. छातीत कळ येते, म्हणून घाई आहे.

१. चाळीतली खोली माझ्यामागे पत्नी राधाबाई हिच्या ताब्यात राहील. मुलगे शिवराम व रामदास यांनी तीत पडदा वा फळी ठोकू नये. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात दोघे एकाच फलकाच्या दोन काठ्या धरून गेले होते. आता पक्षात दोन गट पडले, दोघे दोन गटांत गेले, तर एक घरात असला की दुसरा जिन्यातच थांबतो.

२. पाने, हातोडे, कानस कन्या कौसल्या हिला. जावयाला नव्हे. घरातला स्टोव्ह तीच दुरुस्त करते.

३. ठाकूरद्वारच्या ज्या खाणावळवाल्याने मला चहा बाहेर, फुटक्या कपात दिला, त्याचा मुलगा मयताला आला तर आत बसवावे. चहा आमच्या कपातून द्यावा. प्यायला, तर माझे भांडण मिटले.

४. आता जे राधाबाईलाही सांगितले नाही ते. १९१२ साली ताप भरला म्हणून बोटीने मला कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर उतरवले. तिथे अध्यक्षांच्या तबेल्यात लागलो. ते काळे, गुलामांचे नातू. सैन्यातून वर चढत देशाचे अध्यक्ष झालेले. एकदा मी दाराबाहेर जेवत होतो.

"बाहेर का?" त्यांनी विचारले.

"आमच्याकडे हीच रीत आहे, साहेब."

त्यांनी हात धरून मेजाशी बसवले आणि माझ्या ताटातले रताळे खाल्ले. तोवर असे कुणी केले नव्हते.

त्यांचेच दोन जुने साथी एकमेकांविरुद्ध गट करून बसले होते. अध्यक्षांनी दोघांना जेवायला बोलावले. तो येणार म्हणून हा आला नाही, हा येणार म्हणून तो. अन्न निवून गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी बंदुका वाजू लागल्या. "दोघांना भेटून येतो. मागचे फाटक उघडे ठेव, रामजी," म्हणून ते एकटेच गेले. आरडाओरडा जवळ आला. मी फाटकाला कुलूप घातले आणि बंदराकडे पळालो. ते परत आले आणि त्या फाटकाशीच मारले गेले. मला हे बोटीवर कळले. कोणत्या गटाने मारले, ते मी कधी विचारले नाही.

५. वरील कलम वाचून दाखवण्यास दोन्ही मुलांना बोलावले. शिवराम खाटेवर, रामदास उंबऱ्यात उभा.

रामदासने विचारले, "बाबा, तुम्ही थांबला असतात तर ते वाचले असते?"

"ठाऊक नाही."

"मग पळालात का?"

"भ्यालो, बाळा."

मग शिवराम सरकला. "बस," म्हणाला. रामदास बसला. एकमेकांकडे बघत मात्र नाहीत. किती वेळ बसतील सांगता येत नाही, म्हणून सही आत्ताच करतो.

(सही) रामजी बुधाजी गमरे

आमच्यासमक्ष सही झाली:
१. चिंतामणी शरच्चंद्र वेलणकर, लेखनिक, ठाकूरद्वार
२. कमळाबाई येलवे, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)

डिलाईल रोड, मुंबई
रविवार, ता. ८ नोव्हेंबर १९५९