रंगपेटीवर पाळत

२ मार्च, सकाळी ६:१०
आजपासून रोज एक चित्र. नियम म्हणजे नियम. महिनाअखेर वाचनालयात चित्रप्रदर्शन आहे, नवोदितांसाठी त्यात एकच भिंत. ती माझी. ऑफिसात सगळ्यांना सांगूनही टाकलं. नवी रंगपेटी, तीन ब्रश, जाड कागदाची वही आणली. खिडकीजवळचं टेबल बायकोकडून मागून घेतलं. तिने शिवणयंत्र लगेच उचललं, जरा जास्तच लगेच. हे लक्षात ठेवायला हवं.

३ मार्च
मूड नव्हता. कलेत जबरदस्ती चालत नाही.

५ मार्च, सकाळी ६:३०
पेटी उघडली तर बारीक ब्रश ओला. मी अजून एकही रंग वापरलेला नाही. म्हणजे कोणीतरी हात लावतंय. बायकोला विचारलं. म्हणाली, "मला तेवढंच काम उरलंय." हे उत्तर नव्हे. सासरे आमच्याकडेच राहतात. ते पेपराआडून बघत होते. पेपर कालचा होता.

६ मार्च
युक्ती सुचली. रोज सकाळी टेबलाचं हुबेहूब रेखाटन करायचं. पेटी कुठे, ब्रश कुठे, पाण्याचा ग्लास कुठे, सावलीसकट. दुसऱ्या दिवशी ताडून पाहायचं. पाऊण तास त्यातच गेला, चित्राला वेळ उरला नाही. पण चोर सापडल्याशिवाय मन लागायचं नाही.

९ मार्च
चौथं रेखाटन. ग्लास दोन बोटं सरकलाय. बायको म्हणते, टेबल पुसलं. रोज पुसतेस? तर म्हणे, बारा वर्षं पुसतेय. मला माहीत नव्हतं. खरं असेलच असं नाही.

१४ मार्च
खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर जिन्यात भेटले. प्रदर्शनाची निवड तेच करणार. "काय, रोज चालू आहे ना?" असं विचारलं. का विचारावं? माझा विषय काढून घ्यायचा डाव दिसतो. मी ताकास तूर लागू दिली नाही. विषय अजून ठरायचाय, हा भाग वेगळा.

१९ मार्च
ब्रशच्या टोकाला काळा रंग. माझी काळी वडी कोरी करकरीत. आता रेखाटनात ब्रशचा केस न् केस दाखवतो. हात भराभर चालतो. चित्राला असा चालला असता तर कुठल्या कुठे गेलो असतो.

२३ मार्च, सकाळी ६:०५
सापडले. सासरे बाथरूमच्या आरशापुढे, माझ्या ब्रशने मिशीला कलप लावताना. म्हणाले, "जावईबापू, तुम्ही वापरत नव्हता. म्हटलं, पडून कशाला राहायचा?" मला फार लागलं. अर्थात ते एकटे नसणार. रेखाटन चालू ठेवलंय.

२८ मार्च
मास्तर निवडीला घरी आले. दाखवायला चित्र एकही नाही. मी म्हणालो, काम मोठं आहे, अर्धवट दाखवत नसतो. तेवढ्यात बायकोने पाळतीची वही त्यांच्या हातात ठेवली. मी वही ओढायला गेलो, तोवर उशीर झाला होता. मास्तरांनी सगळी पानं पाहिली, चष्मा पुसला, पुन्हा पहिल्यापासून पाहिली. म्हणाले, "भिंतीवर हीच लावू. तेवीस दिवस, एकच टेबल. कुणी काढली?"

एवढं कौतुक म्हणजे नक्की थट्टा. शिवाय स्वतःच्याच घरात पाळत ठेवतो, हे कबूल कसं करायचं? मी म्हणालो, माझी नव्हेत, आणि याला कला म्हणत नाहीत. बायको माझ्याकडे बघतच राहिली. मास्तर म्हणाले, "मग ज्याची असतील त्याच्या नावाने लावतो."

सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. "माझी," म्हणाले.

३१ मार्च, संध्याकाळी
वाचनालयात जाऊन आलो. भिंतभर तेवीस टेबलं, खाली सासऱ्यांचं नाव. ऑफिसातले सगळे आले होते. "तुझं कुठेय?" म्हणून विचारत होते. मी दोनदा पाणी प्यायला गेलो. मग कोणी नाही असं बघून नवव्या चित्रापुढे उभा राहिलो. ग्लासाची सावली अगदी बरोबर पडलीय. चांगलं आहे ते. खरंच चांगलं आहे. माझं आहे, हे आता कुणाला सांगू?

तेवढ्यात पेपरातर्फे आलेल्या एका बाईंनी सासऱ्यांना गाठलं. या वयात, रोज, न चुकता, हे जमतं तरी कसं, असं विचारत होत्या. सासऱ्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"घरच्यांवर संशय असला," ते म्हणाले, "की आपोआप जमतं."

बाईंनी ते लिहून घेतलं.