कान तुटलेला कप

सर, तुमच्या मानेवरच्या गाठी तुम्ही मला हात लावून बघायला सांगितलं होतं आणि मी हात खिशातच ठेवला होता. आज तिथूनच सुरुवात करतो.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. हॉटेलांत दलितांसाठी वेगळे ठेवलेले कप मी पिंगळीच्या सभेत स्टेजवर आपटून फोडले, टाळ्या घेतल्या. त्याच आठवड्यात तुम्ही गंगाखेडहून माझ्या घरी आलात. देवगाव फाट्याजवळच्या अपघातानंतर तुम्हाला चढवलेल्या रक्तातून एड्स झाल्याचं तुम्हीच सांगितलंत, वर्गात जीवशास्त्र शिकवायचात तितक्याच शांतपणे. "ह्या गाठी म्हंजी शरीराच्या चौक्या. विषाणू चौकीतच जाऊन बसलाय. बाकीच्यांला हाक मारून उठवणाऱ्या पेशी तो आधी मारायलाय. हाक मारणारंच गेलं की कोण उठंल?" मग म्हणालात, "वाचनालयात मी बसलो की बाक रिकामा होतो. तू एकदा बोल तिथं. तुझं ऐकतेत लोक."

मी आत जातो आणि बायकोला हळूच सांगतो, सरांना त्या कान तुटलेल्या कपात दे. तुम्ही चहा पिता, कप फिरवून बघता. "स्टेजवर फोडलास ते ह्याचेच भाऊ काय रं?" म्हणून हसता. मला हसता येत नाही. चहाच्या कपाने हा रोग होत नाही, हे मी वाचलेलं होतं. वाचूनही तसा वागलो. एवढ्या सभा उरकू द्या, मग वाचनालयात बोलतो, असं म्हणालो. बोललो नाही.

कित्येक वर्षांनी एका पुस्तकात वाचलं की त्या गाठींमध्ये मरणाऱ्या बहुतेक पेशींत विषाणूला बस्तान बसवता आलेलंच नसतं. तो शिरू पाहतो एवढ्यावरच त्या स्वतःला संपवतात, आणि त्यांच्या फुटण्याने तिथे आणखी पेशी मरायला गोळा होतात. ते पान मला पुढे वाचवेना.

तुमच्या शोकसभेत मी पाऊण तास बोललो. आजाराचं नाव घेतलं नाही. 'दीर्घ आजाराने' एवढंच म्हणालो. तुमच्या पत्नी, आमच्या बाई, अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "सरांचा ह्यो विद्यार्थी कुणाला भीत न्हाई." हे सगळं खरं तर त्यांनी वाचायला हवं. मागच्या महिन्यात असंच एक पत्र लिहून त्यांच्याकडे घेऊन गेलो होतो. शेजारीण बसली होती. बाईंनी तिला तेच वाक्य ऐकवलं, आणि पत्र तसंच घेऊन मी परत आलो. कारण सर, ते ऐकायला मला बरं वाटलं.