शीलादीची निळी पिशवी

रविवार, रात्र

आज सियालदह स्टेशनवर गरिबांना जेवण वाटायच्या आधी पास्टर प्रार्थना करत होते, तेव्हा आमच्या चर्चच्या शीलादीनं खिचडीची दोन पाकिटं हळूच आपल्या निळ्या पिशवीत सरकवली. गेल्या रविवारीही ती पिशवी येताना रिकामी होती आणि जाताना फुगलेली. घरी नेते? की विकते? गरिबांच्या तोंडचं अन्न! पास्टरना सांगावं का? पण मग तिची सेवा सुटेल.

जेवताना ह्यांना सांगितलं.

"प्रार्थना चालू असताना?" ह्यांनी विचारलं. "म्हणजे तुझे डोळे उघडे होते?"

मी उठून ताटं आवरली. ह्यांना काय जातं बोलायला!

आता झोपण्याआधी प्रार्थनेला बसले. डोळे अगदी घट्ट मिटले, तरी समोर ती निळी पिशवीच.