चार रंगवल्या, एक पांढरी

१२ एप्रिल, शनि.
लग्नाला तीन आठवडे राहिले. प्रणू, म्हणजे दादाची मुलगी प्रणाली, साकोलीहून ड्यूटी आटोपून थेट माझ्या रंगाईच्या दुकानात. नर्स झाल्यापासून पोरगी चहासुद्धा उभ्या उभ्या पिते. पाच पांढऱ्या साड्या घेऊन आली, सगळ्या सिंथेटिक. चार रंगवायच्या: एक तिची रिसेप्शनची, तीन करवल्यांच्या. नवरदेवाच्या ड्रेसला मॅच, पिस्ता. पाचवी विधीची, ती पांढरीच राहणार. पहिल्या पगारात घेऊन ठेवली होती तिनं. आपल्यात लग्न पांढऱ्यातच लागतं, त्यात विचारायचं काय!
नवरदेव स्वप्निल, तुमसरचा, नागपुरात नोकरी. (यापुढे स्व. लिहीन, एवढं लांब नाव कोण लिहीत बसणार.) कोटाच्या कापडाची चिंधी पाठवली आहे. चिंधीला पिन, पिनेत चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव आणि तारीख. मुलगा नीटनेटका दिसतो.

१५ एप्रिल, मंगळ
काल भीमजयंती, दुकान बंद. आज मोठा गंज पाणी भरून गॅसवर चढवला. सिंथेटिकचे नखरे फार. खळखळ उकळल्याशिवाय रंग धरत नाही, आणि वासानं डोळे चुरचुरतात ते वेगळं. पण पिस्ता असा जमला की चिंधी साडीवर ठेवली तर सापडेना. लाखनीत दुसऱ्या कोणाला जमला असता तर मी पाटी उतरवून ठेवली असती.
प्रणूनं साडी खांद्यावर टाकून आरशात पाहिलं. खूप वेळ पाहिलं. बरं वाटलं.

२० एप्रिल, रवि.
स्व.नं ड्रेस बदलला. आता मोरपंखी. फोनवर, "आत्या, होते ना?" होतं म्हटलं. फिक्यावर गडद चढतंच.
प्रणूला विचारलं, तुला पिस्ता आवडला होता ना?
"त्याईले मोरपंखी बरा वाटते."
मी विचारलं काय, तिनं सांगितलं काय.

२४ एप्रिल, गुरु.
मोरपंखी झाला. फोटो पाठवला. अर्ध्या तासानं तोच फोटो परत, काठाजवळ लाल गोल काढलेला. "इथं थोडा फिका आहे." उन्हात नेऊन पाहिलं, तर खरंच फिका. तीस वर्षं या धंद्यात, आणि मला दिसला नव्हता. पुन्हा गंजात घातल्या.
दादा खूश. "पाहा, जावयाची नजर किती बारीक आहे!" हो, बारीकच आहे.
दुकानात बसली होती तेवढ्यात प्रणूचा मोबाईल चारदा वाजला. चारही वेळा तिनं दुकानाचा फोटो काढून पाठवला. काय गं हे? "कुठं आहेस म्हणून विचारतात." एकदा फोटोत मी आले नाही, तर आत्याही दिसू दे, असं आलं. मीही उभी राहिले. हसलेसुद्धा.

२८ एप्रिल, सोम.
पुन्हा बदल. वाइन कलर. आणि त्याच फोनमध्ये, जाता जाता, प्रणू नोकरी सोडणार. दादा मलाच समजावतो, "नागपुरात राहाचं तं साकोलीची नोकरी काय कामाची?" वाक्य दादाचं नाही, तेवढं मला कळतं. प्रणू चिंधीची घडी करत होती, उलगडत होती, पुन्हा घडी.
रागारागात रंग कालवला. मोरपंखीवर लाल चढवून वाइन काढणं सोपं नाही. तरी काढला. चारही साड्या दोरीवर टाकल्या आणि स्वतःचीच लाज वाटली. तीनदा "होत नाही" म्हणता आलं असतं. तीनदा हुशारी दाखवली. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, ही माझी जुनी खोड. आता त्याला वाटणारच, या घरात काहीही सांगा, होतं.

३० एप्रिल, बुध.
आज पाचवी. स्व.चा फोन.
"विधीचीही वाइनच करा आत्या. फोटोत पांढरं वेगळं दिसते."
दादा समोरच होता. त्याला म्हटलं, अरे, त्यांच्याकडेही हीच रीत आहे ना? "जाऊ दे ना, एका साडीसाठी कायले तोंड वाईट करतं?" प्रणू साडीवर हात ठेवून बसली, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.
मग मी खोटं बोलले. ही सिंथेटिक नाही, सुती आहे, हा रंग सुतावर बसत नाही. सहज बोलून गेले. तिकडून,
"बरं. उद्या येऊन पाहतो."

१ मे, गुरु.
आला. अकरा वाजता, एकटाच. पाया पडला, पाणी प्याला, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. साडी मागितली. पदराच्या कडेचा एक धागा ओढून काढला आणि खिशातून काडेपेटी काढली. विडी-सिगारेट काही ओढत नाही, म्हणजे घरूनच ठरवून आणलेली.
धागा पेटवला. सूत असतं तर राख झाली असती. हा आक्रसला, वितळला, टोकाला काळा कडक मणी. तो मणी त्यानं माझ्या काउंटरवर ठेवला, अगदी मधोमध.
"सिंथेटिकच तं आहे आत्या." हसत होता. "माह्यासंग कोणी खोटं बोललं तं मले लगेच समजते. प्रणालीले माहीत आहे."
काडी अजून जळत होती. एका हातात काडी, दुसऱ्या हातात साडी. विझवायची त्याला घाई नव्हती. माझ्याकडे पाहत राहिला, मग फुंकली.
उद्या चार वाजता माणूस येईल पाचही वाइन साड्या न्यायला, म्हणाला.
तो गेल्यावर काउंटर पुसलं, मणी तेवढा तिथंच ठेवून. लिहून ठेवते, म्हणजे नंतर नाकारता येणार नाही: मला या मुलाची भीती वाटली.
दादाला फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण पयले खोटं तूच बोलली ना?"

२ मे, शुक्र.
सकाळी गंज चढवला. रंग घातला नाही, नुसतं पाणी. चार वाजता काय सांगायचं ते सुचत नव्हतं.
नऊला प्रणू आली. राजीनामा पर्समध्ये आहे, अजून दिलेला नाही. कालचं सगळं सांगितलं, काडीसकट. तिला नवल वाटलं नाही. मला तेच लागलं.
तुला माहीत आहे म्हणाला. काय माहीत आहे?
"एकदा मैत्रिणीकडे होती मी. त्याईले ड्यूटीवर आहो म्हटलं."
मग?
"मग काही नाही." घड्याळाचा पट्टा एक भोक आत ओढला.
म्हटलं, प्रणू, या वेळी तू सांग. होतं म्हणशील तर होतं. नाही म्हणशील तर नाही, मग तो काडेपेटी आणो की आणखी काही. परवा लग्न आहे, तरीही.
तिनं तो मणी उचलला. नखानं दाबला. फुटला नाही. मग पांढरी साडी घडी करून पिशवीत घातली. वाइनच्या चारांकडे पाहिलंही नाही.
"येतो आत्या."
कुठं? पण तोवर ती रस्त्यावर होती, आणि स्टँडकडे चालली होती. तिच्या नोकरीच्या साकोलीची गाडीही तिथूनच, त्याच्या तुमसरचीही तिथूनच.
परत आत आले तर काउंटरवर तिचा मोबाईल. विसरली की ठेवून गेली, कळायला मार्ग नाही. कधी विसरत नाही ती.
पाचदा वाजला, पाचही वेळा स्व. गॅस बंद केला. शटर अर्धं ओढून आत बसून हे लिहिते आहे.
पुन्हा वाजतोय.