सोलारेविच घराण्याची पाच घरं

नारपोली, भिवंडी
बुधवार, ता. ७ फेब्रुवारी २००७

तीर्थरूप भाऊजी, म्हणजे खारबावचे श्री. पंढरीनाथ केणे, यांच्या चरणी धाकटा मेव्हणा तुळशीराम घरत याचा दंडवत.

आपली प्रकृती ठणठणीत आहे हे विचारण्याआधीच मला ठाऊक आहे. गेल्या आठ दिवसांत मी आपल्याला अकरा वेळा फोन केला आणि अकराही वेळा आपण स्वतः उचलून ‘राँग नंबर’ असं खणखणीत आवाजात सांगितलंत. आजारी माणसाला एवढा दम नसतो. बाकी आपला गुडघा, नवी कवळी, म्हैस आणि स्टेशनकडच्या जागेचा दावा हे सगळे सुखरूप असावेत. (दावा यंदा एकवीस वर्षांचा झाला. आता त्याच्यासाठीही स्थळ बघायला हवं.) फोन चालत नाही म्हणून हे पत्र. पत्राला राँग नंबर म्हणता येत नाही, फार तर फाडता येतं. तरी फाडण्यापूर्वी ता. क. वाचावेत, ही विनंती.

लडकूकाकांच्या पणतवाच्या बारशाला आपण जे बोललात ते मला कळलं. कसं कळलं हे विचारू नका. ज्याचा जन्म चोवीस मागांच्या खडखडाटात गेला आणि कितव्या मागाचा धोटा अडखळतोय हे ज्याला ऑफिसात बसून ऐकू येतं, त्याला खारबावच्या मंडपातली कुजबुज ऐकू येणं अवघड नाही. आपण म्हणालात, ‘‘तुलशीरामची पोर रशियन करतंय. त्या पोराचा आरनाव कुनी ऐकलाय? ज्या आरनावाची पाच घरा दाखवता येत न्हाय, तो मानूस एक तर पलालेला हाय, नायतर बनावट हाय.’’ आणि पुढे जाहीर केलंत की आडनावाचं मूळ आणि पाच घरं मिळाल्याशिवाय केण्यांच्या घरातलं माणूस उन्नतीच्या हळदीला पाऊल टाकणार नाही. मंडळींनी माना डोलावल्या. त्यांतल्या निम्म्या माना जिलेबी गिळण्यासाठी डोलत होत्या असं माझ्या कानावर आलं आहे, पण तो बारीक मुद्दा झाला.

प्रथम मुलगा रशियन नाही, सर्बियाचा आहे. नाव मिलोश. आणि त्याला भिवंडीत आणण्याचं पाप पोरीचं नसून माझं आहे. दोन वर्षांपूर्वी मी परदेशातले जुने रेपियर लूम घेतले, (धोट्याशिवाय चालतात, आवाज कमी, मला अजून करमत नाही) आणि ते बसवायला कंपनीने हा इंजिनियर पाठवला. सहा दिवसांचं काम होतं. लोडशेडिंगच्या कृपेने ते सात आठवडे चाललं. वीज असली की तो मशीन लावायचा आणि वीज गेली की आमच्या ओटीवर बसायचा. उन्नती टेक्स्टाइलचा डिप्लोमा केलेली, इंग्रजी बोलणारी घरात तीच, म्हणून दुभाषी मी तिलाच नेमली. भाऊजी, आपण मला नेहमी हुशार म्हणता ना, ती ही हुशारी. मागावर एक तार तुटली तर मी हजारांतून शोधून काढतो, आणि ओटीवर काय विणलं जातंय ते मला सात आठवडे दिसलं नाही. माग दुरुस्त करणाऱ्या आमच्या जॉबरला मात्र दिसलं. तो म्हणाला, ‘‘सेठ, इंजिनियर साब का मशीन तो कब का चालू हो गया, अब किसका इंतजार है?’’ मी त्याला लूमचाच प्रश्न समजून उत्तर दिलं.

असो. आपण अट घातलीत, म्हणून मी तपासाला लागलो. मुलाचं आडनाव सोलारेविच. मी त्याला समोर बसवून आपल्या रीतीप्रमाणे विचारलं, या नावाची घरं किती? तो बोटांवर मोजायला लागला आणि चार बोटांवर थांबला. एक तो स्वतः. एक त्याची आई, गावाकडे. एक काका, कॅनडात. आणि एक दातांचे डॉक्टर, जे चुलत चुलते लागतात पण वीस वर्षं बोलत नाहीत. का बोलत नाहीत? तर आलुबुखाराच्या बागेत त्यांनी कुंपण दोन हात अलीकडे सरकवलं. भाऊजी, हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी बायकोला, हौसाला, हाक मारून चहा टाकायला सांगितला. ज्या घराण्यात बांधावरून वीस वर्षांचा अबोला आहे ते घराणं बनावट असूच शकत नाही! पळून आलेल्या माणसाला कुठून आला बांध, आणि बांध सरकवणारा चुलता?

मग मूळ. धामणकर नाक्यावरच्या सायबर कॅफेत बसून मिलोशने आईला ईमेल पाठवला. शेजारच्या खुर्चीवर एक पोरगा मोटारीची शर्यत खेळत होता, त्यामुळे सोलारेविच कुळाचा इतिहास मला ब्रेकच्या किंकाळ्यांत ऐकावा लागला. दोन दिवसांनी उत्तर आलं. त्यांच्या भाषेत ‘सो’ म्हणजे मीठ. मिठाचा धंदा करणारा तो सोलार. आणि सोलारेविच म्हणजे त्या मीठवाल्याच्या पोटचे. आईच्या सांगण्याप्रमाणे घरचा मूळपुरुष घोड्यावर मिठाचे खडे लादून डोंगरातल्या गावोगाव विकत फिरायचा. त्यांच्या देशाला समुद्रकिनारा नाही, त्यामुळे मीठ घेऊन येणाऱ्या माणसाची वाट जावयासारखी बघत. (आमच्याकडे जावयाची वाट कशी बघतात हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे. आपण आलात की हौसा अजूनही कोंबडीकडे बघते आणि कोंबडी दाराकडे.)

एवढ्या मोठ्या धंद्याच्या नावाची घरं चारच कशी, हे मी मुद्दाम विचारून घेतलं, कारण आपण विचारणार हे मला माहीत होतं. तर त्यांच्या खापरपणजोबांना चार मुलगे. त्यांपैकी दोघांना फौजेत भरती करताना कारकुनाने आडनावाऐवजी बापाचं नाव लिहिलं आणि त्यांची पिढी त्याच नावाने चालू राहिली. तिसऱ्याला सात मुली झाल्या, त्या सात घरी गेल्या आणि नाव दारातच राहिलं. उरला चौथा, त्याचे हे चार तुकडे. आता आपलं बघा. आम्हा घरतांची एकट्या या पट्ट्यात दोन-तीनशे घरं, आणि कोर्टात तारखेच्या दिवशी फिर्यादी घरत, आरोपी घरत, साक्षीदार घरत, जामीनही घरत. आडनाव दुर्मीळ असण्याचा हा एक फायदा तर मानावाच लागेल.

मीठ म्हटल्यावर माझं काम झालं असं मला वाटलं. आपण आगरी, आगरावरचे, मिठागरावरचे. त्यांनी विकलं ते आपण पिकवलं. गेल्या गुरुवारी जाईबाई धवलारीण हळदीचं ठरवायला आली. लग्नात धवले गाताना तिला नवऱ्याचं घराणं गावं लागतं, म्हणून ती महिनाभर माझ्यावर डाफरत होती. ‘‘आरनाव कललं न्हाय त मी धवल्यान कोनाचा नाव घेव? मुका नवरा गावला येत न्हाय!’’ मी तिला घोडा, डोंगर, मिठाचे खडे, सगळं सांगितलं. तिने पानाची पिंक टाकली, मिलोशला खालपासून वरपर्यंत पाहिलं (वर बघायला तिला मान बरीच मागे न्यावी लागली) आणि निकाल दिला, ‘‘मिठाचा मानूस हाय? मंग त आपलाच हाय. येवरे दिस का बोंबलताव?’’ तिथेच बसून तिने घोड्यावरून मीठ आणणाऱ्या नवऱ्याचा धवला जुळवायला घेतला. मिलोशने सुके बोंबील आणि भाकरी खाता खाता ताल धरला. मला वाटलं, आता खारबावला कळवावं आणि भाऊजींना विजयी मुद्रेने नव्हे, अगदी नम्रपणे सांगावं.

मी कळवण्याआधीच आपल्याला कळलं. (कान फक्त माझेच तिखट नाहीत, हे मान्य.) आणि त्याच दिवशी आपला निरोप आला, की मुलगा मिठाचा असेल तर लग्न मुळीच होणार नाही! कारण आमच्या आजोबांनी मिठागर राखलं म्हणून गावात आमच्या घराला ‘मीठवाले घरत’ म्हणतात. मुलगाही मीठवाला. म्हणजे दोघं एका कुळाची, एका भाऊकीची, भाऊ-बहीण झाली. भाऊजी, मी त्या निरोपाला मनातून हात जोडले. वकील लोक यासाठी फी घेतात. जानेवारीत मुलगा सात समुद्रांपलीकडचा म्हणून नको होता, फेब्रुवारीत तो आमचा सख्खा निघाला म्हणून नको. त्याला परका ठेवावा तर तुम्ही येत नाही, आपला करावा तर बहिणीशी लग्न लागतं. मिलोशला हे समजावायला उन्नतीला पाऊण तास लागला. सगळं ऐकून तो एवढंच म्हणाला, की आमचे दातांचे डॉक्टर आणि तुमचे भाऊजी यांची एकदा गाठ घालून द्यायला हवी.

मी हसलो, पण पोर हसली नाही. ती म्हणाली, ‘‘बाबा, पहिली हळद आत्या लावणार नसेल तर हळदच नको. ठाण्याला जाऊन सही करून येतो.’’ आणि आत जाऊन तिने नऊवारी परत घडी घालून ठेवली. आपल्याला आठवत असेल, हौसाला कावीळ झाली तेव्हा सव्वा महिन्याच्या उन्नतीला ताईने खारबावला नेलं आणि आठ महिने वाढवलं. पुढे दर मे महिन्यात ती आपल्या खांद्यावर बसून स्टेशनात मालगाडीचे डबे मोजायची. माझ्या कारखान्यात सुताचे कोन ती आज ज्या वेगाने मोजते ती शिकवणी आपली. मी कांडी भरण्यापासून सुरुवात करून चोवीस मागांचा मालक झालो, लोकांच्या मिनतवाऱ्या करणं मागेच सोडलं. तेव्हा मी काही मागत नाही. आपण वडील आहात, योग्य वाटेल ते करा. उद्या गुरुवारी हळद, परवा लग्न. कळावे, लोभ आहेच, तो शक्य तर थोडा दाखवावाही.

आपला,
तुळशीराम

ता. क. १ : ताई सोमवारपासून गुडघ्याच्या इलाजासाठी ठाण्याला गेली आहे असं ती आपल्याला सांगून निघाली. गुडघा आपला दुखतो आणि इलाजाला ती कशी गेली, हा प्रश्न आपल्याला तीन दिवसांत पडला नाही याचं आम्हा सर्वांना नवल वाटतं. ती इथे आहे. समोर बसून हळकुंडं कुटते आहे आणि हे पत्र वाचून ‘‘जरा जास्त लिव’’ म्हणते आहे.

ता. क. २ : भाऊकीची अडचण सोडवायची तर नवऱ्याला वेगळं घराणं हवं, जे मिठाचं नाही. केणे भाताचे, पिढ्यान्‌पिढ्या. म्हणून पत्रिकेत ‘चि. मिलोश, श्री. पंढरीनाथ केणे (मु. खारबाव) यांचे मानसपुत्र’ असं छापलं आहे. पत्रिका गेल्या शनिवारीच वाटून झाल्या, फक्त खारबाव राहिलं होतं. नवऱ्याची हळद नवऱ्याच्या दारात लागते ही आपलीच रीत. तेव्हा हे पत्र ज्याने आपल्या हाती दिलं तो पोस्टमन नसून मंडपवाला आहे. त्याचा बांबूंनी भरलेला टेम्पो कोपऱ्यावर उभा आहे. त्याच्यावर ओरडू नये, तो गरीब आहे. लाइटचं कनेक्शन कुठून घ्यायचं तेवढं दाखवावं.

ता. क. ३ : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात मिलोश ईमेलचा कागद घेऊन आला. त्याच्या आईने लग्नाच्या निमित्ताने त्या दातांच्या डॉक्टरांना वीस वर्षांनी फोन केला. ते म्हणतात, फौज, सात मुली, चार घरं हे सगळं खरं, पण खापरपणजोबा मुळात मीठवाले नव्हतेच. ते अनाथ पोर. घोड्यावरून मीठ विकणाऱ्याने त्यांना वाटेत उचललं, घरी नेलं, ताटात वाढलं आणि आपलं नाव दिलं. म्हणजे रक्ताने मुलगा मिठाचा नाही, भाऊकीची अडचण गेली आणि आपल्यालाही कोणाचे वडील व्हायची सक्ती उरली नाही. मनात असेल तर मंडपवाल्याला परत पाठवा, मी रागावणार नाही. फक्त एक आठवण करून देतो. आपण अंजूरच्या तांडेलांच्या घरी जन्मलात आणि नवव्या वर्षी मामांच्या मांडीवर दत्तक बसून केणे झालात. आपलं स्थळ आलं तेव्हा आमच्या आबांना कोणी म्हणालं, या पोराचं आडनाव त्याचं नाही. आबा म्हणाले, ‘‘ज्यानं जेवाया घातलं त्याचा नाव लावतंय, आनखी काय बघाचा?’’ आणि ताई दिली. चार घरं मी शोधली, भाऊजी. पाचवं आता आपण दाखवा. मुलगा सकाळी सातला पोचेल. त्याला ‘बाबा’ म्हणायला शिकवलं आहे. उच्चार जरा वाकडा येतो, चारचौघांत दुरुस्त करू नये.